राणीचा दोन कोअरचा हट्ट

दहिवडीत कुणाचा वाढदिवस आहे हे कळायला कॅलेंडर बघावं लागत नाही. स्टँडच्या बाहेर यायचं आणि मान वर करायची. वर एक मोठा चेहरा असतो, मोबाईल कानाला लावलेला, जणू थेट दिल्लीहून फोन आलाय. त्याच्या खाली ओळीनं छोटे चेहरे, शुभेच्छुकांचे. मोठा चेहरा कुणी बघत नाही, तो सगळ्यांना पाठ असतो. लोक खालच्या ओळी वाचतात. कोण आलाय, कोण गळालाय, कालपर्यंत तिसऱ्या ओळीत होता तो आज पहिल्या ओळीत कसा जाऊन बसलाय. आमच्या माण तालुक्यातलं राजकारण पेपरात थोडं आणि फ्लेक्सच्या खालच्या ओळींत बरंच छापून येतं.

हे फ्लेक्स बनवणारे आम्ही. मी शिवतेज डिजिटलमध्ये कामाला आहे आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर राणी वीरकर बसायची. बसायची म्हणजे आता बसत नाही. ती का उठली, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राणी धनगराची. दिवाळी झाली की तिचे वडील कोंडीबा आणि आई मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. राणी शाळेसाठी दहिवडीत आत्याकडं राहिली, हरणाबाईंकडं. बारावीनंतर शिवतेजच्या दुकानात लागली आणि वर्षाच्या आत फोटो कापण्यात तिच्यासारखं कुणी उरलं नाही. फोटो कापणं म्हणजे माणसाच्या मागचं सगळं काढून नुसता माणूस ठेवणं. लोक फोटो कसे पाठवतात ते विचारू नका. कुणी लग्नातला, मागे दोन बायका जेवतायत. कुणी गॉगल लावलेला, गॉगलमध्ये फोटो काढणाराच दिसतो. राणी त्यातून माणूस अल्लद बाहेर काढायची. मी विचारलं तर म्हणायची, "आबा मेंढरं कातरत्यात तवा कातडीला लागू देत न्हाईत. तसंच हाय. तुझ्यागत कान काढून ठेवायचा न्हाई."

माझ्या हातून एका माजी सरपंचांचा कान गेला होता, हे खरं आहे. त्यावर इथं जास्त बोलायची गरज नाही.

तर एकदा राणीनं एका बारशाच्या बोर्डावर, कोपऱ्यात दुकानाचं नाव असतं त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत स्वतःचं नाव टाकलं. शिवतेजनं छपाईच्या आधी पकडलं.

"हे काय गं?"

"नाव हाय माझं."

"दुकान कुणाचं हाय?"

"दुकान तुमचं. काम माझं."

"उद्या लाईटचं बिल भरणारा पण नाव टाकायचं म्हणंल."

राणीनं पाण्याची बाटली उचलली, चपला घातल्या आणि निघून गेली. शिवतेज मला म्हणाला, "येतीया दोन दिवसांत." शिवतेज माणूस वाईट नाही. दुसऱ्याला राग येतो हे फक्त त्याला खरं वाटत नाही.

राणी आली, पण आमच्या दुकानात नाही, माझ्या घरी. "सांगलीला चल. मशीन घ्यायचंय. तुला त्यातलं कळतं, निदान तू तसं दाखवतोस."

सांगलीला बाळासोंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांना मशीन तेच जोडून देतात. गोड बोलणारा माणूस. राणीनं काय काम करणार ते सांगितल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीकडं हात केला. "ताई, फ्लेक्सला आठ कोअर घ्या. सहा तरी घ्याच."

"कोअर म्हंजे नक्की काय वो?"

"काम करणारी डोकी समजा. एका प्रोसेसरमध्ये जेवढी डोकी, तेवढी कामं एका वेळी."

खालच्या फळीवर छोटा खोका होता. राणीनं तोच उचलला. "आणि हे?"

"ते नवीनच आलंय. दोन कोअर. पण ते तुमचं नव्हं. ते आम्ही ऑफिसला देतो. टायपिंग, बिलं, झालंच तर कॅमेऱ्यात चोर बघायला."

राणीनं खोका हातात फिरवला. मला वाटलं, आता किंमत विचारणार. तिनं विचारलं भलतंच. "माझ्या आबांच्या कळपामागं कुत्री किती असतील?"

बाळासोंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"दोन," राणी म्हणाली. "आख्खा कळप दोन कुत्र्यांवर चालतो. आठ ठेवली तर ती आधी एकमेकांचंच नरडं धरतील. ह्येच जोडून द्या."

"ताई, हे कुत्र्याचं आणि मेंढराचं..."

"जोडून द्या."

बाळासोंनी जोडून दिलं. वर माणुसकीनं म्हणाले, "चालवून बघा. न्हाईच झेपलं तर खोका टाकू नका, परत घेऊन या, मोठा बसवून देतो."

राणीनं तो रिकामा खोका त्यांच्याच काउंटरवर ठेवला. "ह्यो तुमच्याकडंच राहू द्या." येताना एसटीत तिनं मशीन मांडीवरच धरलं होतं. विट्याला म्हणाली, "वीरधवल, ह्ये न्हाई चाललं तर मी काय करायचं रं?" मी म्हणालो, "शिवतेजकडं खुर्ची हायच." त्यानंतर दहिवडीपर्यंत तिनं तोंड खिडकीकडंच ठेवलं.

दुकान थाटलं ते आमच्या दुकानासमोरच, आत्याच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. तिथं आधी पेंडीची पोती असायची, अजून वास येतो. आणि पहिलंच काम आलं ते धैर्यशीलदादांच्या वाढदिवसाचं. दादांना पुढची निवडणूक लढवायची आहे आणि धनगरवाड्यांवरची मतं हवी आहेत, म्हणून चार माणसांत त्यांनी जाहीर केलं, "कोंडीबाच्या पोरीनं दुकान काढलंय, आमचा बोर्ड तिथंच." वीस फूट बाय दहा फूट. शुभेच्छुक किती, तर दादा म्हणाले, "येतील तेवढे."

शिवतेजला हे कळलं तेव्हा तो चहा पीत होता, तो चहा नाकातून आला. रस्ता ओलांडून तो राणीच्या दारात गेला, मीही मागं.

"दोन कोअरवर दादांचा बोर्ड? अगं, आमचं आठाचं मशीन त्यांच्या बोर्डाला धापा टाकतं."

"तुमच्या मशीनला तुमी बसू कुठं देताय? निम्मा वेळ त्यावर क्रिकेट चालतं."

"राणे, मी भल्याचं सांगतो. बोर्ड अडकला तर दादा पुन्हा तोंड बघणार न्हाईत आणि दुसरं कुणी दारात येणार न्हाई. अडकला तर गुमान येऊन बस. तुझी खुर्ची मी कुणाला दिली न्हाई."

यात टोमणा होता आणि थोडी माया पण होती. राणीला मायेचाच जास्त राग आला. "तुमच्या माणसाला हितं बसवा," ती माझ्याकडं बोट करून म्हणाली. "मशीन कसं चालतं त्ये त्यानं बघावं आणि तुमाला सांगावं. खोटं बोलले असं नको व्हायला."

असा मी अधिकृत हेर झालो. हेराला दोन्हीकडं चहा मिळतो, हे मला तेव्हा कळलं.

शिवतेजनं मला पेनड्राईव्हवर मशीन तपासायचं एक सॉफ्टवेअर दिलं होतं. ते चालवलं की मशीनला आकडा देतं, परीक्षेतल्या मार्कांसारखा. आमच्या मशीनचा आकडा शिवतेजनं व्हॉट्सअॅपच्या डीपीला लावायचा बाकी ठेवला होता. राणीच्या मशीनवर ते चालवलं. आकडा आला तो आमच्यापेक्षा इतका खाली की मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

"किती आला?" राणीनं विचारलं.

मी सांगितलं.

"ह्यो आकडा बोर्डावर छापायचा हाय का?"

"न्हाई."

"मग काढ ती तुझी पिनड्राई."

तिची तपासायची पद्धत वेगळी होती आणि ती तिच्या वडलांची होती. कोंडीबाआबा आटपाडीच्या बाजारात मेंढा घ्यायचा झाला तर सकाळच्या गारव्यात बघतच नाहीत. बारा वाजू देतात, ऊन डोक्यावर आलं की त्याला माळावर चालवतात आणि मग तोंडाकडं बघतात. सावलीत सगळेच मेंढे राजे असतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून राणीनं एप्रिलच्या भर दुपारी, पत्रा तापून ताडताड वाजायला लागल्यावर, मशीन कामाला लावलं. दार उघडं, पंखा स्वतःकडं न ठेवता भिंतीकडं फिरवलेला. एकीकडं व्हॉट्सअॅपवर शुभेच्छुक धडाधडा येऊन पडतायत, दुसरीकडं बोर्ड उघडलेला, आणि वर आत्याला भजन ऐकायचं होतं म्हणून तेही त्याच मशीनवर लावलेलं.

भजन मध्येच अडकलं. मग बाण थांबला. मग पडदा पांढरा झाला.

"आला व्हय गं तोंडाला फेस?" मी म्हणालो.

चूक तिचीच होती. सगळ्यांचे फोटो, मोबाईलमधून आले तसेच, भले थोरले, एकदम त्या वीस फुटांच्या बोर्डात सोडले होते. आत्यानं भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, "बुवा का थांबला गं?"

"दम घेतोय!" राणी ओरडली. मग मला म्हणाली, "सगळी मेंढरं एकदम सोडल्यावर दोन काय, दहा कुत्री असली तरी व्हायचं त्येच व्हणार."

धनगर रात्री मेंढरं कोंडायला जाळ्याचं कुंपण करतात, त्याला वाघर म्हणतात. राणीनं तेच केलं. दहा-दहा चेहऱ्यांची एकेक ओळ वेगळ्या फाईलमध्ये घेतली, तिथंच कापली, तिथंच नावं टाकली, एकसंध चित्र करून ती ओळ बंद केली आणि मग बंद ओळ उचलून मोठ्या बोर्डात ठेवली. मशीनसाठी आता दहा माणसं नव्हती, एक पट्टी होती. पट्टीवर पट्टी बसत गेली. काम हळू चाललं होतं, खोटं कशाला सांगू. आमच्या मशीनवर जे चहा येईपर्यंत होतं ते इथं चहा येऊन, पिऊन, कप विसळून ठेवेपर्यंत व्हायचं. पण होत होतं. बुवा पण परत गायला लागले.

मी संध्याकाळी शिवतेजला सांगितलं, "चालतंय."

"कसं चालतंय?"

"म्हशीगत."

"बसलं न्हाई?"

"न्हाई."

शिवतेजनं क्रिकेट बंद केलं. पहिल्यांदाच.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सगळ्या ओळी बसल्या. फक्त छपाईची शेवटची फाईल तयार व्हायची होती, आणि एवढा मोठा बोर्ड म्हणजे त्याला वेळ लागणार. राणीनं बटण दाबलं आणि मला घेऊन चौकात गेली, बोर्डाची कमान मोजायला. खोलीत कोंडीबाआबा बसले होते. लेकीचं दुकान बघायला कळप चुलत्यांवर सोडून कृष्णाकाठाहून आले होते, खांद्यावर नवीकोरी घोंगडी. आम्ही निघताना वावटळ उठली होती. आमच्याकडची वावटळ म्हणजे घरातल्या माणसाला पण डोळे मिटायला लावते.

परत आलो तर मशीन मेलेलं. पडदा काळा, दिवा बंद. कोंडीबाआबा त्याच्या डब्यावर हात ठेवून बसलेले, जसं एखाद्या आजारी जनावराजवळ बसावं.

"आबा, काय केलं?"

"म्या काय केलं न्हाई. धूळ आली गं. नवं जनावर, पयल्याच वर्षाची धूळ. म्हणलं, झाकावं." त्यांनी घोंगडी दाखवली. "चांगली चारी अंगानं गुंडाळली."

मी तोंडावर हात ठेवला.

"मग लय तापलं," आबा म्हणाले. "हात लावला तर चटका. आन् एकदम गपगार झालं. म्हणून काढली. राणे, मेलं का गं त्ये?"

एप्रिल महिना, पत्र्याची खोली, आणि काम करत असलेल्या मशीनवर अस्सल लोकरीची घोंगडी. दुसरीकडं कुठं ही चूक कुणी करणार नाही, कारण दुसरीकडं कुणाला मशीनची एवढी काळजीच वाटणार नाही. राणी आधी लाल झाली. मग तिनं आबांच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिनं डब्याचं झाकण काढलं, पंखा थेट आत सोडला आणि खाली फतकल मारून बसली. आम्ही तिघं त्या डब्याकडं बघत बसलो. मी देवाचं नाव घेतलं नाही, पण आठवत होतो.

हात लावण्याइतकं गार झाल्यावर राणीनं बटण दाबलं. आतला पंखा फिरला. दिवा लागला. पडदा उजळला. जास्त तापलं की जीव वाचवायला प्रोसेसर स्वतःच बंद पडतो, त्यानं तेवढंच केलं होतं. ओळी सगळ्या जागच्या जागी. फक्त शेवटची फाईल पुन्हा करायला लागणार होती.

राणी उठली, हात झटकले. "वीरधवल, सांग तुझ्या शिवतेजला. घोंगडीत गुंडाळून उकडलं तरी उठलं. त्याचं आठाचं गुंडाळून दाखव म्हणावं."

"घोंगडी मी द्यायला तयार हाय," कोंडीबाआबा म्हणाले. त्यांना वाटलं, खरंच मागणार.

ऊन उतरायला फाईल तयार झाली. आणि त्याच वेळी दारात गाडी थांबली. धैर्यशीलदादा स्वतः, हातात मोबाईल.

"राणीताई, आमचा कार्यकर्ता कृष्णात, त्याचे हे दहा-बारा जण राहिलेत. एवढे बसव."

"दादा, काल दुपारपर्यंतची वेळ दिली होती."

"अगं, माणसं महत्त्वाची हायत."

"जे वेळेत आले त्ये बी माणसंच हायत. वाड्यावस्त्यांवरनं उन्हाचं चालत येऊन फोटो देऊन गेलेत. प्रत्येकाला सांगितलंय, चेहरा एवढा येणार." तिनं तळहात दाखवला. "आता बारा घुसवायचे तर सगळ्यांची सुपारी करायला लागंल."

दादा समजूतदारपणे हसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. "असू दे, असू दे. मशीन घेत न्हाई, असंच ना? मला शिवतेज म्हणालाच होता. तुझी चूक न्हाई. दोन कोअरचं काय घेऊन बसलीस."

किती सोपी वाट होती. नुसतं "व्हय दादा" म्हणायचं. दादा खूश, राणी मोकळी, दोष यंत्राचा. मी असतो तर म्हणालोच असतो. कोंडीबाआबासुद्धा लेकीकडं बघून मान हलवत होते, म्हण, म्हण.

राणीनं दादांच्या हातातून मोबाईल घेतला, पहिला फोटो मशीनवर घेतला, आमच्यासमोर कापला आणि बोर्डावर ठेवला. वेळ लागला, पण बसला. चेहरा दादांच्या उजव्या बाजूला हसत होता.

"बघा, घेतला," ती म्हणाली. मग एक बटण दाबलं आणि चेहरा गेला. "बघा, काढला. मशीन घेतंय, दादा. मी घेत न्हाई."

दादांनी तिच्या हातातून मोबाईल परत घेतला.

"मग ह्ये काम मी शिवतेजकडं नेऊ व्हय?"

"न्या. पर सगळे चेहरे पयल्यापासनं कापायला लागतील. आन् तिथं कापायला ह्यो हाय." ती माझ्याकडं हात करून म्हणाली. "माजी सरपंचांना विचारा, कान कुठाय."

दादांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आपसूक माझाच कान चाचपला. वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. दादा गाडीत बसता बसता म्हणाले, "छाप. पर आठवणीत ठेवीन."

"ठेवा," राणी म्हणाली. गाडी गेल्यावर कोंडीबाआबा म्हणाले, "पोरी, पयलंच गिऱ्हाईक गं." तिनं फाईल पेनड्राईव्हवर घेतली. पेनड्राईव्ह माझ्या खिशात घातला आणि म्हणाली, "फलटणला छापायला टाकून ये. हेरगिरी संपली."

सकाळी बोर्ड चौकात उभा राहिला. कोपऱ्यात "राणी फ्लेक्स, दहिवडी", मुंगीएवढ्या अक्षरांत नाही, चांगलं बोटभर. वाडीवरची माणसं खाली उभी राहून आपापला चेहरा बघत होती. एक म्हातारा स्वतःच्या फोटोला हात जोडून गेला. शिवतेज आला, बराच वेळ मान वर करून एखादा कान गेलाय का ते शोधत राहिला आणि मग दुकान उघडायला गेला.

दुपारी राणीच्या दारात चार मोटरसायकली येऊन थांबल्या. कृष्णात आणि त्याची गळालेली माणसं. सगळ्यांचे चेहरे असे की मी मध्ये पडायच्या तयारीनं रस्ता ओलांडला, आणि पडायला लागू नये म्हणून सावकाश ओलांडला.

"दादांनी आमाला वगळलं," कृष्णात म्हणाला.

"दादांनी न्हाई. म्या वगळलं."

कृष्णात आ वासून बघत राहिला. असं कबूल करणारं माणूस त्याच्या राजकारणात त्याला आजवर भेटलं नसावं. "का?"

"उशिरा आला."

मागच्या माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी कृष्णातला ढोसलं. तो खाकरला. "मग आमचा येगळा बोर्ड कर. दादांच्या शेजारीच लावायचा. दादांचा फोटो बारका, आमचे मोठे."

"किती फूट?"

"त्यांच्यापेक्षा एक फूट जास्त." मग आत डोकावून मशीनकडं बघत त्यानं आवाज खाली आणला. "पर ह्ये दोनाचंच हाय म्हणत्यात. झेपंल का?"

राणीनं दारातल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"दादांची आख्खी फौज झेपली. तुमी काय त्यांच्यापेक्षा जड हाय व्हय?" ती म्हणाली. "फोटो आजच्या आज द्या, उद्या घेणार न्हाई. आन् एकेक जण आत या. चपला भाईर."